आभाळातून शोधायचा डबा

१९ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी आमच्या कारखान्यातल्या टूलरूमच्या एका सप्लायरने दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी माझी बायको मालन ती वाणसामानाच्या याद्यांना घेते. यंदा मी आधी बळकावली. घरात माझं बोलणं कुणी पुरतं ऐकत नाही, निदान कागद तरी उठून जाणार नाही.

तर, आमची जान्हवी विमानातून उड्या मारते. वय एकोणतीस, अंधेरीला नोकरी. सुट्ट्या साठवते आणि थायलंडला जाऊन पॅराशूट बांधून स्वतःला खाली टाकून देते. दोनशे बारा उड्या झाल्या. लग्नाचा विषय काढला की म्हणते, "बाबा, मुलाला विचारा, बारा हजार फुटांवरून बघायचा कार्यक्रम जमेल का."

माझा नाद जमिनीवरचा. डबे लपवायचे. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश ग्रुपवर टाकतो, बाकीचे जीपीएस घेऊन शोधायला निघतात. सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. मिळत काहीच नाही. मालन म्हणते, "रिकामटेकड्यांचे धंदे." मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माझे त्रेसष्ट डबे आहेत. सगळे मरोळच्या आमच्या टूलरूममध्ये लेथवर काढलेले, ॲल्युमिनियमचे, आट्यांच्या झाकणाचे. साकीनाक्याला पुलाखाली ठेवलेला डबा एकदा कुणाला दिसला आणि बॉम्ब समजून पोलीस आले. मला चौकीत तीन तास बसवलं. जान्हवी तेव्हा चौदा वर्षांची. शेजारी बसून खुदूखुदू हसत होती मेली.

चार वर्षं ती प्रत्येक रविवारी माझ्याबरोबर होती. मग कॉलेज, मैत्रिणी, मग हे आभाळ. माझ्याबरोबर डबा शोधायला शेवटची कधी आली ते आठवतही नाही.

आणि आज चहा पिताना म्हणते, "बाबा, तुमचं आणि माझं एकत्र करूया का? तुम्ही डबा लपवा. मी वरून शोधते."

म्हणजे असं की डबा एखाद्या मोकळ्या शेतात ठेवायचा. त्याचे आकडे तिच्या मनगटावरच्या यंत्रात भरायचे. ती विमानातून उडी मारणार, छत्री उघडल्यावर आकड्यांच्या दिशेने वळवत आणणार, डब्याजवळ उतरणार, शोधून सही करणार. जमलं तर पुढे बाकीच्यांसाठी दरवर्षी भरवायचं.

मी म्हटलं, "बघू." आतून असा आनंद झाला की बशीतला चहा सांडला.

मालन म्हणाली, "तुमी दोघांय येडी आसात."

२५ जानेवारी

सर्वेश घरी आला होता. जान्हवीच्या क्लबचा प्रशिक्षक, बोरिवलीचा, छत्तीस-सदतीसचा असेल. सिन्नरच्या पुढे एक खासगी धावपट्टी आहे, तिथे त्यांच्या उड्या चालतात. मुलगा सभ्य आहे, पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. जागेभोवती तारा आहेत का, विहीर आहे का, झाडं किती लांब. बाबा रे, मी काय पोरीला विहिरीत उतरवणार आहे?

शेवटी म्हणाला, "काका, डब्याजवळ मोठं भगवं फडकं अंथरूया. वरून दिसेल."

मी साफ नाही म्हटलं. खूण ठेवली तर शोधायचं काय? मग आकडे कशाला, माझा डबा कशाला? जान्हवी म्हणाली, "राहू दे रे सर्वेश, बाबांचे आकडे म्हणजे आकडे असतात."

हे वाक्य मी तीन-चार वेळा मनात म्हटलं.

सर्वेश तिच्याकडे बघतो ते मला आवडलं नाही. मालनला बोललो तर म्हणते, "तुमका सांगान उपयोग काय, तो सगळ्यांकडेच तसो बघता."

२ फेब्रुवारी, रविवार

जागा मिळाली! धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर काशीराम म्हणून एका शेतकऱ्याचं नांगरून ठेवलेलं रान. मऊ माती, सपाट, कडेला एकच बाभूळ, आजूबाजूला तार नाही, खांब नाही. दोन तास चालून पाहिलं. काशीराम विचारत होता, "पोरगी वरून पडनार आन् तुम्ही खाली डबा धरून बसनार?" म्हटलं, तसंच समजा.

सर्वेशला कामामुळे यायला जमलं नाही, त्याला फोटो पाठवले.

डबा बाभळीच्या पूर्वेला बांधाच्या दगडात ठेवला. जीपीएसच्या मशीनवर जागा घेतली आणि चिठ्ठीवर लिहिली:

१९ ५१ ४५२
७४ ०३ ३१८

आमची पद्धत अशी की अंश, मग मिनिटं, मग मिनिटाचे हजारावे भाग. म्हणजे एकावन्न दशांश चार-पाच-दोन मिनिटं. दशांशाचं टिंब आम्ही ग्रुपवर कधीच लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं. पंधरा वर्षांत कुणाला अडचण आलेली नाही.

६ फेब्रुवारी

चिठ्ठीचा फोटो सर्वेशला पाठवला. दुपारी त्याचा फोन. मी नेमका प्रेसवर डाय बसवत होतो, हात तेलाचे. म्हणाला, "काका, आकडे मिळाले, पण हे मिनिट, सेकंद असंच धरायचं ना? म्हणजे पंचेचाळीस पॉइंट दोन..." आणि पुढे काहीतरी पाढे म्हणायला लागला.

डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे हो रे बाबा, हो! पंधरा वर्षं हेच करतोय, आजवर एक आकडा चुकलेला नाही. तू तुझ्या छत्र्या बघ."

म्हणाला, "नाही काका, फक्त खात्री..."

"खात्रीच आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. आजकालच्या पोरांना वाटतं, यांच्याआधी जगात काही होतंच नव्हतं.

८ फेब्रुवारी

उद्या पहिली चाचणी. फक्त जान्हवी उडणार. सर्वेश विमानात असणार, कुठे सोडायचं ते तो ठरवणार.

मालनने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, पोर माझी आभाळातसून येतली, तिका सुखरूप भुयेक लाव." जान्हवी हात जोडून उभी राहिली, मध्येच मला डोळा मारला. मला भीती वाटते आहे हे लिहून ठेवतो, कारण घरात म्हणता येत नाही.

१२ फेब्रुवारी

पडली. जिवंत आहे.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस पेन धरवत नव्हतं. आता लिहितो, नाहीतर वेड लागेल.

मी बाभळीखाली बसलो होतो. लपून, कारण मी दिसलो असतो तर तिला जागा कळली असती. विमानाचा आवाज आला. मग छत्री उघडली, लाल-पांढरी. केवढीशी दिसत होती. मी उभा राहिलो आणि एकटाच टाळ्या वाजवल्या.

मग बघतो तर ती माझ्याकडे येतच नाहीये. ईशान्येला चाललीये. मला वाटलं, गंमत करतेय, आता वळेल. वळली नाही. मी टोपी काढून हलवली. शर्ट काढून हलवला. ओरडत होतो, "जानू, इकडे! इकडे गं!" एवढ्या उंचीवर काय ऐकू जाणार. ती बांधापलीकडे गेली. तिथे द्राक्षाची बाग आहे, लोखंडी खांब आणि तारांचा मांडव. अगदी खाली आल्यावर छत्री एकदम एका अंगावर कलली आणि दिसेनाशी झाली.

मी धावलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, नांगरलेल्या रानातून. पोचेपर्यंत काशीराम आणि दोन बायका तिथे होत्या. बागेच्या कडेला कडक गाडीवाटेवर पडली होती. डोळे उघडे. म्हणाली, "बाबा, पाय कुठेत माझे?"

पाय तिथेच होते.

खाली तारा दिसल्या म्हणून तिने शेवटच्या क्षणी छत्री फिरवली. इतक्या खाली फिरवली की छत्री वेगात जमिनीकडे झेपावते, असं डॉक्टरांना तिथला कुणीतरी सांगत होता. कमरेचा मणका फुटला. नाशिकला ऑपरेशन झालं, काल ॲम्ब्युलन्सने इकडे मुलुंडच्या हॉस्पिटलात आणली. कमरेखाली काही कळत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, सहा महिने काही सांगता येत नाही.

एकच सांगा मला कुणीतरी. शेत मी दिलं, आकडे मी दिले, मग माझी पोर दुसरीकडे का गेली? विमानात बसून कुठे सोडायचं ते ठरवत होता कोण?

१९ फेब्रुवारी

सर्वेश हॉस्पिटलला आला. दाढी वाढलेली, हातात शहाळी. मी त्याला दारातच धरलं. काय काय बोललो ते लिहायलाही लाज वाटते, आयाबहिणी सगळ्या काढल्या. नर्स धावत आली. म्हटलं, "मी सांगितलेल्या जागेवर नेलं नाहीस तू तिला. कुठे बघत होतास? तिच्याकडे?"

तो काही बोलला नाही. एक शब्दही नाही! चूक नसती तर माणूस बोलला असता की नाही? शहाळी बाकावर ठेवली आणि गेला.

आत जान्हवी भिंतीकडे तोंड करून रडत होती. म्हटलं, "रडू नकोस, मी सोडणार नाही त्याला." तर आणखीनच रडायला लागली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कळलं की क्लबच्या चौकशी समितीला जान्हवीने पडल्यापडल्या जबाब लिहून दिला. लिहिलंय, "खाली अडथळा दिसूनही मी उशिरा वळले. चूक पूर्णपणे माझी."

हिची चूक! दोनशे बारा उड्या मारलेली पोर! पंख्याकडे बघत पडलेली असते आणि त्या गाढवाला वाचवते. मला सगळं समजतं. प्रेमबिम असणार. सरळ विचारलं, "त्याच्यासाठी करतेस हे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही बाबा. त्याच्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

"बाबा, प्लीज, हे सोडून द्या ना. मी हात जोडते."

मी सोडणाऱ्यातला नाही. दुपारी गाडी करून सिन्नरला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो आणि तक्रार दिली. निष्काळजीपणाने गंभीर इजा. त्याचं नाव, पत्ता, सगळं.

२७ फेब्रुवारी

मालनशी भांडण. लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी बोलली नव्हती. म्हणाली, तो कागद मागे घ्या. म्हटलं, का? म्हणाली, "माका काय इचारू नका. घेवा म्हणजे घेवा."

म्हटलं, तुझ्या पोरीचे पाय गेले आणि तुला त्या पोराचा पुळका? तर हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. म्हणाली, "त्याच्या आवशीचोय तो एकुलतो एक झील आसा. उद्या सगळा कळात तेव्हा तुमी खंय तोंड लपवतलात?"

काय कळणार आहे? बाई घाबरलीये पोलीस-कोर्टाला. आमच्या सात पिढ्यांत कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलं नव्हतं, एक मी सोडून, आणि तेही डब्यापायी.

जेवलो नाही. तिनेही नाही वाढलं.

४ मार्च

क्लबने सर्वेशला उड्यांवरून काढलं. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावून दिवसभर बसवलं. वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. घंटा बरं वाटलं.

जान्हवी माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असेल तरी आईला सांगते. आज फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिच्या तळव्यावर चावी ओढली आणि विचारलं, "कळतंय?" जान्हवी म्हणाली, "सुरू केलंत का?" बाई खाली बघायला लागल्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. देवा, माझे घे ना पाय. छप्पन्न वर्षं वापरून झालेत.

पोलिसांचा फोन होता. पुरावा काय, विचारतात. पोरगी स्वतःच चूक कबूल करते तर तुमची केस उभी कशी राहणार? ठीक आहे, पुरावा आणतो. डबा अजून तिथेच आहे. डबा कुठे आणि ही पडली कुठे, दोन्ही जागा मशीनवर मोजून आणतो. आकडे खोटं बोलत नाहीत.

९ मार्च, रविवार

विद्याधरला बरोबर घेतलं. मुलुंडचा, भूगोलाचा मास्तर होता, रिटायर झालाय, पंधरा वर्षं माझ्याबरोबर डबे शोधतोय. दुसरा साक्षीदार असलेला बरा.

आधी बाभूळ. डबा होता तसाच दगडात. मशीन लावलं, माझेच आकडे आले, एकावन्न चार-पाच-दोन, तीन तीन-एक-आठ. म्हटलं, "बघ विद्या, लिहून घे. माझं बरोबर आहे." त्याने लिहून घेतलं.

मग काशीरामने द्राक्षबागेकडे नेलं. "इथंच पडली बघा पोरगी. ह्या दगडापाशीच." पाच मिनिटं मी तिकडे बघूच शकलो नाही. मग मशीन लावलं. १९ ५१ ७४९, ७४ ०३ ५२७. दोन जागांत साडेसहाशे मीटरचं अंतर. म्हटलं, "साडेसहाशे मीटर! आंधळा होता काय तो? आता कसा सुटतो बघतो."

विद्याधर वहीत बघत उभा राहिला. मग माझ्या हातातून मशीन घेतलं, सेटिंगमध्ये गेला आणि काहीतरी बदललं. म्हणाला, "नंदू, खाली बस."

"कशाला?"

"बस रे."

मी गाडीवाटेवर बसलो. त्याने मशीन माझ्यापुढे धरलं. "ती पडली ती जागा मी आता सेकंदात लावलीये. वाच."

वाचलं. १९ अंश, ५१ मिनिटं, ४४.९ सेकंद. ७४ अंश, ३ मिनिटं, ३१.६ सेकंद.

"तुझी चिठ्ठी काय म्हणते?"

फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो होताच. माझं अक्षर. ४५२. ३१८. टिंब नाही.

"विमानवाली माणसं सेकंदात वाचतात, नंद्या. चारशे बावन्न सेकंद तर असत नाहीत, म्हणून पंचेचाळीस पॉइंट दोन धरले असतील. एकतीस पॉइंट आठ. ती बरोबर तिथेच आली. दहा-बारा मीटरसुद्धा चुकली नाही. त्याने तुला विचारलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "नाही."

माझ्या तोंडून "नाही" आलं. ते खोटं आहे हे मला म्हणता म्हणताच माहीत होतं.

परत येताना विद्याधरने गाडीत एकदाही विषय काढला नाही. मुलुंडला उतरताना एवढंच म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही. तुझं तू ठरव."

१० मार्च

सहा फेब्रुवारीचं पान उघडून बसलोय. माझ्याच हाताने लिहिलंय सगळं. त्याने विचारलं होतं. नीट विचारलं होतं, सेकंद म्हणाला होता, आणि मी हो म्हटलं होतं. माझे हात तेलाचे होते म्हणून. मला कुणी विचारलेलं खपत नाही म्हणून.

पान फाडायला घेतलं होतं. अर्धं फाटलंय. फाडून काय होणार, ती पडलीच आहे.

११ मार्च

कामावर गेलो. डायसाठीचे चार ब्लँक, म्हणजे कच्चे लोखंडी ठोकळे, चुकीच्या मापाचे कापले. साहेब म्हणाले, घरी जा.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. दिवसभर मनात हेच की कुणाला कळणार आहे? विद्याधर बोलणार नाही. जान्हवीने चूक स्वतःवर घेतलीये. सर्वेश गप्प आहे. सगळं आहे तसंच राहिलं तर मी एक बिचारा बाप आहे, पोरीसाठी लढणारा. शेजारचे चहा आणून देतात. बोललो की मी कोण? पोरीला लुळी करणारा. आणि त्यावर दुसऱ्याचा मुलगा पोलिसात बसवणारा.

असाही विचार आला की मेट्रोच्या पुलावरून... नको. मालनने एकटीने काय काय करायचं?

मग एकदम लक्षात आलं. ते गप्प का आहेत? सर्वेशच्या फोनमध्ये माझी चिठ्ठी आहे. एक फोटो दाखवला असता तर सुटला असता. का नाही दाखवला? आणि मालन म्हणाली होती, उद्या कळेल तेव्हा तोंड कुठे लपवाल.

सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना. एक मी सोडून.

१२ मार्च

सकाळी तालुक्याला गेलो. हवालदाराला म्हटलं, तक्रार मागे घ्यायचीये, आणि नवीन जबाब लिहून घ्या. तो हसला. "का काका, मुलीचं जमलं काय त्याच्याशी?"

म्हटलं, "लिहा. जागेचे आकडे मी चुकीच्या पद्धतीने लिहिले. सर्वेशने फोन करून विचारलं होतं. मी न ऐकता हो म्हटलं आणि त्याच्यावर ओरडलो. खूण ठेवायलाही मीच नको म्हटलं होतं." ही डायरीही दाखवली, ते अर्धं फाटलेलं पान. हवालदाराचं हसू गेलं. त्याने दोनदा विचारलं, "नक्की असंच लिहू?" मी दोन्ही वेळा नीट ऐकलं आणि दोन्ही वेळा हो म्हटलं.

तिथून थेट बोरिवली. दार सर्वेशच्या आईने उघडलं. मी नाव सांगितलं, तशी ती आत गेली आणि आतलं दार लावून घेतलं. सर्वेश बाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं काका," तो म्हणाला. "यंत्रातले आकडे बघितले आणि कळलं. जान्हवीला नाशिकलाच कळलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं हेच सांगितलं, बाबांना कळता कामा नये, ते जगणार नाहीत."

"आणि तू ऐकलंस? मी तुला एवढं..."

"माझीही चूक आहे ना. आमच्यात नियम आहे, आकडा समोरच्याकडून परत वाचून घ्यायचा. तुम्ही ओरडलात आणि मी फोन परत लावला नाही. म्हटलं, जाऊ दे, मोठे आहेत, चिडतील. ते माझं मी भोगतोय."

म्हटलं, मला शिव्या घाल. मार हवं तर.

"आता नको काका. तुम्ही जा. आई बाहेर येणार नाही तुम्ही असेपर्यंत."

चपला घालताना डावी-उजवी कळेना.

१३ मार्च

मालनला सांगितलं. ती लाटता लाटता थांबली. म्हणाली, "घेतलात ना मागे?" म्हटलं, घेतली. मग परत पोळी लाटायला लागली. पण पाठ माझ्याकडे होती आणि खांदे हलत होते.

जान्हवीला भेटायला गेलो नाही. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. भित्रा आहे मी. पोर आभाळातून उडी मारते आणि बापाला जिना चढवत नाही.

१४ मार्च, धुळवड

गेलो.

मालन मला बघून बाहेर गेली. खोलीत आम्ही दोघंच. खाली आवारात हॉस्पिटलच्या स्टाफची पोरं रंग खेळत होती, त्यांचा आरडाओरडा वर येत होता. जान्हवीची खाट खिडकीशी लावली आहे, अर्धी उभी केलेली. ती खालीच बघत होती.

मी म्हटलं, "जानू, तो आकडा..."

"आईने सांगितलं," ती म्हणाली. "पोलिसात जाऊन आलात ते."

तीन आठवड्यांनी ती माझ्याशी बोलली. सगळं पाठ करून गेलो होतो, टिंब, सेकंद, सर्वेशचा फोन. म्हटलं, "माझ्यामुळे तू दुसरीकडे गेलीस. तुला काय माहीत असणार वरून."

"माहीत होतं बाबा," ती म्हणाली. "वरून सगळं दिसतं. तुम्ही नांगरलेलं रान म्हणाला होतात, बाभूळ म्हणाला होतात. खाली सगळं हिरवं होतं. धावपट्टीकडे परत जायला भरपूर उंची होती माझ्याकडे. कुणीही गेलं असतं. नवशिकासुद्धा गेला असता."

"मग का नाही गेलीस गं?"

"यंत्र म्हणत होतं, इथेच. आणि आकडा तुमचा होता. म्हटलं, बाबांचा आकडा आहे, मलाच दिसत नसेल. अजून थोडं खाली गेले की दिसेल रान. मग आणखी थोडं खाली गेले. तुम्ही कुठेतरी लपून बघत असणार, हेही डोक्यात होतं. वळून गेले असते तर तुम्हाला वाटलं असतं, हिचा विश्वास नाही."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. गुडघ्यांवर बसलो, चादर थोडी सरकवली आणि तिचे दोन्ही पाय धरले. गार होते. त्यांच्यावर डोकं टेकलं, आणि जे इतके दिवस आलं नव्हतं ते सगळं आलं, तिचे तळवे भिजले.

तिला काहीच कळलं नाही. ती खिडकीतून खाली रंगाकडे बघत सांगत होती, त्या दिवशी वर हवा किती स्वच्छ होती ते.